मागच्या रांगेतला आवाज

४ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला जमत नाही. शिवाय तुमच्या लेकीबद्दल ओरडून काय बोलणार. म्हणून लिहितो.

सोबत एक छोटा स्पीकर पाठवला आहे. वरचं गोल बटण दाबलं की गाणं लागतं. जमलं नाही तर शेजारच्या नर्सबाईंना सांगा. आधी खुर्चीत बसा, मगच लावा. गाणं तिच्या आवाजात आहे, पण ते तिने म्हटलेलं नाही.

जरा समजावून सांगतो. कोरसमध्ये गाताना प्रत्येकीपुढे वेगळा माईक असायचा. त्यामुळे गाणं एकत्र झालं तरी प्रत्येकीचा आवाज आमच्या स्टुडिओत सुटा साठवलेला आहे. गेल्या वर्षी नवा प्रोग्राम आला, त्याला मी तिचे सगळे सुटे आवाज दिले. त्यावरून तो शिकला. आता मी शब्द लिहून दिले की चाल तोच लावतो आणि ती गाते. ती म्हणजे तो. बोलताना माझाही गोंधळ होतो.

हे मी भिंगरीसाठी केलं. पोरगी जेवायची बंद झाली होती, ते तुम्ही पाहिलंच आहे. आता ताटापुढे बसली की गाणं लावतो आणि घास जातात. रोज नवं करतो. तिचे लाल बूट, शाळेत मिळालेली पुढची जागा, तिने काढलेला हत्ती, सगळं गाण्यात घालतो. हत्तीच्या गाण्याला तर खुर्चीतून पडेपर्यंत हसली.

तिची आई गेली त्या दिवशी भिंगरीला माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं आणि आई लांब रेकॉर्डिंगला गेली आहे असं सांगितलं होतं. ते अजून तसंच ठेवलं आहे. हल्ली ती विचारत नाही. मला वाटतं, सावरते आहे.

तुम्हांला कसं वाटलं ते कळवा. आवडलं तर आणखी पाठवतो.

तुमचा
जावई

१६ फेब्रुवारी

जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं, स्पीकर मिळाला. उत्तराला उशीर झाला, कारण काही दिवस तो टेबलावर नुसताच ठेवला होता. शेवटी नर्सबाईंनी लावून दिला. त्या म्हणाल्या, "आजोबा, बसा." मी म्हटलं, जावयांनीही तेच लिहिलंय. त्या म्हणाल्या, "मग दोघांचं ऐका की."

आवाज तिचाच आहे. माझ्या कानांना तरी फरक कळला नाही. पण माझे कान म्हणजे तुम्हांला माहीत आहेत. गिरणीत मागखात्याच्या खडखडाटात आयुष्य गेलं, तिथे ते गेले. उंच आवाज मला येत नाहीत, खालचे येतात. ती कोरसमध्ये खालची चाल धरायची, तेव्हा मी म्हणायचो की तू माझ्याच सोयीसाठी गातेस.

एक गोष्ट लिहितो. तक्रार समजू नका. या गाण्यात ती मुख्य चाल म्हणते आहे, एकटी. मी तिला असं कधी ऐकलं नाही. लहानपणी शाळेतसुद्धा पुढे उभं राहायला सांगितलं की पोटात दुखायचं तिच्या. घरी आम्ही गायचो ते भांडी घासताना. मी घासायचो, ती पुसायची. चाल मी धरायचो, आणि मला सूर धरता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी घसरलो की ती तिची खालची चाल तेवढीच सरकवायची, आणि माझी चूक चूक वाटायची नाही. तिची आई आतल्या खोलीतून म्हणायची, "आज बरे गाताय की हो." बरा मी नव्हतो.

तर मी तुमच्या स्पीकरबरोबर गाऊन पाहिलं. दार लावून घेतलं होतं. मी घसरलो, आणि ते आपलं सरळ पुढे गेलं. एवढंच सांगायचं होतं.

भिंगरी जेवते हे वाचून बरं वाटलं. पण आईचं तिला सांगायला हवं, असं मला वाटतं. कसं ते मला सुचत नाही. तुम्ही तिच्याजवळ आहात, तुम्हांला सुचेल.

तुमचा
बाबा

२ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी कामालाच लागलो. तुम्ही म्हणता तो दोष खरा होता आणि तो दूर करण्यासारखा होता. नवा स्पीकर पाठवतो आहे. याला माईक आहे. आता ती मुख्य चाल म्हणत नाही, खालची धरते, आणि तुम्ही गाल तसं सरकते. मी मुद्दाम बेसूर गाऊन पाहिलं, आणि त्यासाठी मला फार मेहनत घ्यावी लागत नाही. अचूक सरकते. लावून पाहा.

स्टुडिओत काम वाढलं आहे. कोरसला आता कोणी बोलवत नाही, त्या प्रोग्रामवर एका बैठकीत आम्ही चाळीस आवाज उभे करतो. तिच्या शेजारी उभी राहायची ती उंच बाई परवा येऊन गेली. विचारत होती, काही काम आहे का. मी चहा पाजला. यंत्राचं गाणं चालू होतं, ते तिच्यासमोर बंद करायचं राहून गेलं. तिने ऐकलं, कप खाली ठेवला आणि निघून गेली. बहुधा भरून आलं असेल.

भिंगरीला सांगण्याबद्दल. बाबा, ती पाच वर्षांची आहे. आता कुठे जेवायला लागली आहे. शांत आहे, रडत नाही, हट्ट करत नाही. हल्ली तर तक्रार म्हणून करत नाही, इतकी शहाण्यासारखी वागते. घडी बसलेली आहे ती मी मोडणार नाही. वेळ आली की मीच सांगेन.

शाळेला सुटी लागली की तिला तुमच्याकडे आणून सोडतो. तिला बदल, तुम्हांला सोबत. स्पीकर तिच्या पिशवीत असेल. रोजचं गाणं मी इथून पाठवीन, ते आपोआप त्यात येतं. ती काय करते तेवढं नर्सबाईंना मला फोनवर सांगायला सांगा, म्हणजे गाण्यात घालता येईल.

तुमचा
जावई

२१ एप्रिल

जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. भिंगरी खुशाल आहे. पत्र लांब होईल, पण नीट वाचा.

आधी माईकवाल्या स्पीकरचं. तुम्ही खूप खटपट केलीत, ती दिसते. मी गायलो, घसरलो, ते सरकलं. पुन्हा घसरलो, पुन्हा सरकलं. मग मी मुद्दाम भलतीकडे गेलो. चाल सोडली, शब्द सोडले, गुरं हाकतात तसा ओरडलो. ते माझ्यामागून तिकडेही आलं.

ती आली नसती. थोडं घसरलो तर सांभाळून घ्यायची, पण फार गेलो की हात पुसत थांबायची आणि म्हणायची, "बाबा, आता तिकडे मी नाही येणार." मग मला परत यावं लागायचं. तिने मला एवढं कधी सोडून दिलं नसतं. मला नीट सांगता येत नाही. पण त्यानंतर मी तो लावला नाही.

आता भिंगरीचं. पहिले काही दिवस मलाही तुमच्यासारखंच वाटलं, की पोर शहाणी झाली. खेळून झालं की खेळणी जागेवर. ताटात काही टाकायचं नाही. चप्पल माझीसुद्धा सरळ लावायची. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, ही पाच वर्षांची आहे की हेडक्लार्क?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या कानात यंत्र, हिच्या कानात यंत्र. घरात बोलतं कोण?"

रविवारी तिच्या हातून चादरीवर दूध सांडलं. मी खोलीत गेलो तर त्या डागावर बसून होती, उठेना. मी म्हटलं, ऊठ, चादर बदलू. तर म्हणाली, "पप्पांना सांगू नका."

"का गं? पप्पा रागावतात?"

"नाही. पप्पा आईला सांगतात."

"कोण म्हणालं?"

"मी बघितलं ना. बुटांचं मी पप्पांना सांगितलं, तर आईच्या गाण्यात आलं. हत्तीचं सांगितलं, तर आलं. बाई मला रागावल्या ते मी नाही सांगितलं. ते नाही आलं."

ती पुढे म्हणाली, "आईला सगळं कळतं. रोज गाणं म्हणते, पण येत नाही. मी काय केलं ते पप्पा सांगत नाहीत. तुम्हांला माहीत आहे?"

जावईबापू, ती सावरलेली नव्हती. आपल्या हातून काहीतरी झालं आहे, म्हणून आई रुसून बसली आहे, असं धरून चालली होती. जुनीच गाणी असती तर कदाचित तिला वाटलं नसतं. पण रोज नवं गाणं येतं, त्यात आजचे बूट येतात, म्हणजे आई कुठेतरी आहे आणि बघते आहे. फक्त हिच्याकडे यायचं नाही तिला. चांगलं वागलं तर येईल, म्हणून चालली होती ती शिस्त.

मी तिला सांगितलं. तिच्याजवळ त्या ओल्या चादरीवर बसलो आणि म्हटलं, तू काही केलं नाहीस. आई आजारी पडली, डॉक्टरांनी खूप केलं, ती मेली. मेलेलं माणूस येत नाही, रागावतही नाही. याहून चांगले शब्द असतील. मला तेवढेच आले.

तिने विचारलं, "पप्पांना माहीत आहे?"

मी म्हटलं, माहीत आहे.

मग उठली आणि दोन्ही बूट खाटेखाली ढकलून दिले. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. काल थोडं खाल्लं. रडते आहे. स्पीकर लावू देत नाही.

तुम्हांला विचारून सांगायला हवं होतं. विचारलं नाही. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत तिला तसंच बसवून ठेवणं मला जमलं नसतं.

तुमचा
बाबा

२६ एप्रिल

बाबा,

पत्र मिळालं. शनिवारी सकाळी भिंगरीला न्यायला येतो. तिची पिशवी भरून ठेवा. मी थांबणार नाही.

ते सांगणं माझं काम होतं. केव्हा आणि कसं ते मी ठरवणार होतो. तुम्ही तिला तिच्या आईपासून एका दुपारी तोडलंत आणि वर लिहिता की याहून चांगले शब्द असतील. मग ते सापडेपर्यंत थांबायचं होतं.

मी रोज बसून ती गाणी करत होतो, ती काही मजा म्हणून नाही. तेवढा वेळ घरात तिचा आवाज असायचा. तुम्हांला ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांनीच गप्प बसायचं का?

जावई

१४ मे

जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही त्या दिवशी पाणीसुद्धा न घेता गेलात. मला बोलायचं होतं, पण तुमचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द कळत नव्हते. नंतर नर्सबाई म्हणाल्या, ते काही बोललेच नाहीत हो, ओठ चावत होते.

तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. विचारलं नाही, ही चूक माझी. ती मला मान्य आहे. सांगितलं, याबद्दल मात्र मी माफी मागत नाही. मागितली तर खोटी होईल.

ऐकू न येण्याचं लिहिलंत. त्याचा राग नाही. तिचा आवाज मला तुमच्यापेक्षा आधीच कमी कमी होत गेला होता. ती घरी यायची तेव्हा गेल्या दोन वर्षांत तिचं अर्धं बोलणं मी अंदाजाने घ्यायचो. तिला ते कळत होतं. तीही अंदाजाने बोलायची. घरात तिचा आवाज हवासा वाटणं, हे मला समजतं.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. फक्त भिंगरी जेवते का, तेवढं एका ओळीत कळवा.

तुमचा
बाबा

११ जून

ती. बाबा,

नमस्कार. भिंगरी जेवते. हे आधी लिहायला हवं होतं, महिनाभर लिहिलं नाही.

घरी आल्यावर ती माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या बहिणीशी बोलायची, मांजराशी बोलायची. मी जवळ गेलो की खेळणी आवरायला लागायची. एकदा मला राहवलं नाही आणि जेवताना मी गाणं लावलं, जुनंच, हत्तीचं. तिने चमचा खाली ठेवला.

"आई मेली ना?"

मी म्हटलं, "हो." तिला ते मी पहिल्यांदा म्हणालो. स्वतःलाही बहुतेक पहिल्यांदाच.

"मग हे कोण गातं?"

"यंत्र गातं."

"त्याला आईचा आवाज कुणी दिला?"

"मी दिला."

"आईला विचारून?"

बाबा, तुम्ही मला विचारलं नाहीत म्हणून मी तुम्हांला वाटेल ते लिहिलं. आणि इथे मी तिचे सगळे आवाज एकेक करून उचलले, तिने कधी धरली नाही ती चाल तिच्या तोंडी घातली, तिने लिहिले नसते ते शब्द दिले. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. त्या उंच बाईने कप का ठेवला, ते मला आत्ता कळलं असं वाटतं. तिचाही आवाज आमच्याकडे सुटा पडून आहे.

मी म्हटलं, "नाही विचारलं." भिंगरी म्हणाली, "मग बंद कर." मी बंद केलं. नंतर ती रडली आणि मीही रडलो. मांजर पळून गेलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते आहे, भांडते आहे, काल ताट ढकलून दिलं. मला फार बरं वाटलं, हे तुम्हांलाच लिहू शकतो.

पण मी ते पुसून टाकलेलं नाही. खोटं लिहीत नाही. स्टुडिओत कोणी नसताना मी माईकवालं लावायचो आणि स्वतः गायचो, तिने माझ्याखाली गावं म्हणून. तुमचं पत्र आल्यावर मीही मुद्दाम भरकटून पाहिलं. ते आलं मागून, कुठेही गेलो तरी. मी तिथे कितीतरी वेळ वाट पाहत होतो, की आता ते मला थांबवेल. पुसायला बसलो की हात होत नाही. बघू.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात भिंगरी म्हणाली, "आईचं खरं गाणं लाव." खरं म्हणजे कोरसच. एक जुनं काढलं, चोवीस बायका आहेत, ती मागच्या रांगेत. मी लावलं. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "यात आई कुठली?"

मी म्हटलं, "आहे त्यात. ऐक."

तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. स्पीकरला कान लावून डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "सापडत नाही." आता रोज शाळेतून आली की लावायला लावते. दप्तर पाठीवरच असतं. रोज थोडा वेळ ऐकते आणि म्हणते, "आज पण नाही."

स्टुडिओत तेवीस जणींना बंद करून तिला एकटीला मोकळं करायला मला एक बटण दाबायचं असतं. काल भिंगरी तिथे माझ्या शेजारी बसली होती. माझं बोट त्या बटणावर गेलं आणि मी ते मागे घेतलं. का घेतलं, ते मला सांगता येत नाही. पोरीचा चेहरा बघवत नाही. दाबू का? तुम्हांला काय वाटतं ते लिहा. रागात लिहिलेलं विसरा, असं म्हणणार नाही, पण लिहा.

तुमचा
जावई

१९ जून

जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. नर्सबाईंनाही वाचायला दिलं, रागावू नका. वाचून झाल्यावर त्यांनी ते घडी करून माझ्या हातात दिलं.

पुसायचं की नाही, त्यात मी पडत नाही. तुमचा हात होईल तेव्हा होईल.

बटणाचं विचारलंत. तुम्ही भिंगरीला लावता ते कोरसचं गाणं तिचं पहिलं रेकॉर्डिंग असावं. ती मला ऐकवायला घेऊन आली होती, तेव्हा माझे कान बरे होते. मी तीन-चार वेळा ऐकलं आणि तिला म्हटलं, यात तू मला काही सापडत नाहीस. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती इतकी खूश झाली की मला कळेना. म्हणाली, "बाबा, सापडले असते तर माझं काम चुकलं असतं."

त्यानंतर मी तिची पुष्कळ गाणी ऐकली. मला ती एकातही सापडली नाही.

भिंगरीला हे सांगायचं की तिला शोधू द्यायचं, ते मला माहीत नाही. या वेळी तुम्ही ठरवा.

तुमचा
बाबा